रांगतं बाळ आणि घरची साफसफाई: रिठा, सोडा, व्हिनेगर कुठे चालतं, कुठे नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गंगापूर रोडला फ्लॅट, मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा नऊ महिन्यांचा आणि आता रांगायला लागलेला. फरशी पुसली की फिनेलच्या वासानं त्याला शिंका येतात आणि फरशीवर टेकलेला हात तो तसाच तोंडात घालतो. सासूबाई म्हणतात रिठा वापर, मैत्रीण म्हणते फळांच्या साली गुळाच्या पाण्यात आंबवून बायोएन्झाइम कर, मोबाइलवर रोज नवी कृती येते. यातलं घरी काय करावं, काय करू नये आणि बाळाला त्याचा अपाय तर नाही ना, हे तुम्हाला हवंय.

मी इंदिरानगरला राहते. रसायनशास्त्र शिकले आणि गेली अठरा वर्षं घरची साफसफाई बहुतेक घरच्याच वस्तूंनी करते, बचत गटातल्या बायकांनाही शिकवते. कृती सांगते, पण आधी बाटलीबद्दल बोलू द्या.

माझा भाचा दोन वर्षांचा असताना आमच्याकडे राहायला आला होता. मी रिठ्याचं पाणी सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं होतं. तपकिरी रंग, हुबेहूब कोकमाच्या सरबतासारखा. त्यानं स्टूल ओढलं, बाटली तोंडाला लावली, एक घोट गेला. लगेच उलटी झाली, तोच हात डोळ्याला लागला आणि पोर तासभर डोळा चोळत रडत होतं. संध्याकाळपर्यंत खेळायला लागला, पण तो तास मी विसरलेले नाही. रिठा झाडाला लागतो म्हणून तो डोळ्यात गेल्यावर झोंबायचा राहत नाही. तेव्हापासून घरात एकच नियम आहे: खाण्यापिण्याच्या बाटलीत साफसफाईचं काहीही भरायचं नाही, मग ते कितीही नैसर्गिक असो. पाण्याची, सरबताची, कोल्ड्रिंकची, कुठलीच बाटली नाही. स्प्रेची किंवा घट्ट झाकणाची वेगळी बाटली घ्यायची, तिच्यावर पट्टी चिकटवून नाव आणि तारीख लिहायची आणि ती ओट्याखाली न ठेवता वरच्या कपाटात ठेवायची. रांगणाऱ्या मुलाचं सगळं राज्य ओट्याखालीच असतं.

आता फरशी, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. बाळाच्या खोलीत रोज साध्या पाण्यानं पुसलं तरी पुरतं. धूळ, केस, सांडलेलं दूध हे सगळं पाणी आणि स्वच्छ फडकं उचलून नेतं. कालचं ओलं, कुबट फडकं बादलीत बुडवून पुसलं तर बादलीत महागाचं काहीही घातलेलं असलं तरी आपण घाणच पसरवतो. फडकं रोज धुवून उन्हात वाळवा, दोन-तीन ठेवा म्हणजे आलटून पालटून वापरता येतील. आठवड्यातून दोनदा, किंवा फरशी ओशट वाटेल तेव्हा, अर्ध्या बादली कोमट पाण्यात दोन मोठे चमचे रिठ्याचं पाणी घाला आणि नंतर एकदा साध्या पाण्यानं पुसून घ्या. हे दुसरं पुसणं चुकवू नका. बाळाचा हात तिथेच फिरणार आहे.

पुसायला आंबट काही घेण्याआधी फरशी कुठली आहे ते बघा. नव्या इमारतींतल्या व्हिट्रिफाइड टाइल्सना पातळ व्हिनेगर चालतं. शहाबादी, कोटा, संगमरवर आणि स्वयंपाकघरातला काळा कडप्पा हे मात्र चुनखडीच्या जातीचे दगड आहेत. लिंबू, व्हिनेगर, बायोएन्झाइम, काहीही आंबट पडलं की त्यांचा वरचा थर विरघळतो. लिंबू चिरल्यावर कडप्प्याच्या ओट्यावर जो पांढरट, पुसला न जाणारा डाग राहतो, तो डाग नसतो, तिथला दगडच खाल्लेला असतो. अशा ओट्याला रिठ्याचं पाणी किंवा साधा भांड्यांचा साबण, बस.

सासूबाईंचा रिठा म्हणजे खरोखर सोनं आहे. त्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे पदार्थ असतात. त्यांचा एक भाग तेलाला धरतो, दुसरा पाण्याला, म्हणून मळ सुटतो आणि फेस येतो. साध्या साबणाचं कठीण पाण्यात दही होतं आणि तो पांढरट चिकटा कपड्यांवर, बादलीच्या कडेला बसतो. रिठ्याचं तसं होत नाही. नाशिकमध्ये हा फरक फार जाणवतो. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी येतं तिथे साबण छान चालतो, पण सोसायटी उन्हाळ्यात बोअरवर गेली की तोच साबण हाताला नुसता चिकट लागतो.

कृती सांगते. शंभर ग्रॅम रिठे फोडून बिया काढा आणि साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी त्याच पाण्यात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं उकळा. पातेलं दुप्पट मोठं घ्या, कारण फेस दुधासारखा वर येतो आणि शेगडीवर सांडला की त्याचा चिकटा काढता काढता हात दुखतात. गार झालं की हातानं कुस्करा. साली आधी रबरासारख्या लागतात, मग लिबलिबीत होतात, आणि बोटांमध्ये फेस घट्ट धरू लागला की समजायचं, उतरलं. जुन्या सुती साडीच्या फडक्यातून गाळून घ्या. वास थोडा आंबूस, चिंचेसारखा येतो, तो तसाच असतो. वास बरा करायला त्यात सुगंधी तेलं घालू नका, का ते पुढे सांगते.

आता साठवण. घरच्या पातळ द्रावणात टिकवणारं काही नसतं, त्यामुळे रिठ्याचं पाणी बाहेर दोन-तीन दिवसांत बिघडतं. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. मी बर्फाच्या साच्यात गोठवते आणि लागेल तसे दोन-चार खडे काढते. तो साचा त्याच कामाला ठेवायचा आणि खडे नाव लिहिलेल्या बंद डब्यात भरायचे, नाहीतर एखादा सरबतात जायचा. पाण्यावर तवंग आला, बुळबुळीत झालं किंवा वास बदलला, तर जीव न अडकवता ओतून द्या. बिघडलेल्या द्रावणात जंतू वाढतात आणि आपण तेच फरशीवर फिरवत बसतो. एका वेळी थोडंच करायचं ते यासाठी.

रिठा उत्तम चालतो तो लोकरी शाल, स्वेटर आणि रेशमावर. रेशीम आणि लोकर प्राणिज धागे आहेत, सोड्यानं आणि कडक पावडरीनं ते मरतात. येवल्याची पैठणी घरी धुवा असं मात्र मी सांगणार नाही. जर आणि रंग दोन्हींचा भरवसा नसतो. साध्या रेशमी साडीला थंड पाण्यात रिठा, पण आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर लावून बघायचं.

आता बायोएन्झाइम. याचं प्रमाण ठरलेलं आहे: एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली, दहा भाग पाणी. म्हणजे शंभर ग्रॅम गूळ, तीनशे ग्रॅम लिंबू-मोसंबी-संत्र्याच्या साली, एक लिटर पाणी. दोन लिटरची प्लॅस्टिकची बरणी घ्या, वर चांगली जागा मोकळी ठेवा आणि तीन महिने थांबा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्यायचा. मी पहिल्यांदा काचेच्या बरणीत केलं होतं, दोन दिवस गावाला गेले आणि परत आले तर मोरीत सगळीकडे काचा. घरात कुणी नव्हतं म्हणून निभावलं. त्यामुळे तुमच्या घरात काच अजिबात नको, आणि बरणी मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी हवी. वर पांढरी साय धरली तर घाबरू नका, हलवून टाका. काळी-हिरवी बुरशी आणि सडका वास आला तर फेकून द्या. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगली पडते, तेव्हा आंबणं मंदावतं आणि तीन महिन्यांचे चार होतात.

मला बायोएन्झाइम आवडतं. घंटागाडीत जाणाऱ्या साली कामाला येतात, मोरी आणि बेसिनच्या फरशा छान निघतात. पण त्याच्याबद्दल जे बोललं जातं त्यातलं बरंच वाढवून सांगितलेलं असतं. ते म्हणजे मुख्यतः आंबलेलं, आंबट पाणी आहे. मळ आणि हलके क्षार काढतं. जंतुनाशक म्हणून त्याच्यावर विसंबू नका, आणि बाळाच्या बाटल्या, खेळणी, भाज्या धुवायला तर मी ते वापरणार नाही. घरोघरी आंबवलेल्या पाण्यात नेमकं काय वाढलंय हे कुणाला माहीत? शिवाय नीट आंबलं नसेल तर गूळ शिल्लक राहतो आणि मुंग्या रांग लावतात.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतून फसफसणारा तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. दिसायला भारी दिसतं, पण तिथे आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात. उरतं ते जवळजवळ खारट पाणी, आणि बुडबुडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड. बाटलीत बंद करून ठेवलं तर बाटली फुटते. दोघांची कामं वेगळी आहेत, म्हणून ती वेगळीच करायची.

मळ कशाचा आहे हे एकदा ओळखता आलं की निम्म्या कृती लक्षात ठेवायची गरज उरत नाही. तेलकट असेल तर सोडा, क्षार असतील तर आंबट, दूध-वरण-रक्त असेल तर आधी थंड पाणी. शेगडीवरचा फोडणीचा चिकटा निघण्यासाठी खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून लगदा करा, लावा, दहा मिनिटांनी ओल्या फडक्यानं काढा. फारच जुना थर असेल तर धुण्याचा सोडा, पण तो खायच्या सोड्याहून बराच तीव्र असतो, हाताची कातडी सोलवटते, डोळ्यात गेला तर इजा करतो. हातमोजे घाला, अॅल्युमिनियमच्या भांड्यांना लावू नका, ती काळी पडतात. आणि कॉस्टिक सोडा म्हणजे धुण्याचा सोडा नव्हे. दुकानात सोडा मागताना नाव नीट सांगून घ्या.

बोअरच्या पाण्यानं तोटीवर आणि शॉवरवर पांढरे थर बसतात ते चुन्याचे. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तोटीला गुंडाळून अर्धा तास ठेवा, मग जुन्या दातांच्या ब्रशनं घासा. थर पोपडे धरून निघतो. व्हिनेगरचा वास नको असेल तर सायट्रिक ॲसिड, वाण्याकडे लिंबूसत्व म्हणून मिळतं, छोटा चमचा पेलाभर पाण्यात. बाळाच्या बाटल्या उकळण्याच्या पातेल्यातला पांढरा थरही यानंच जातो, मग पातेलं दोनदा विसळा. तांब्या-पितळेच्या भांड्यांना चिंच आणि मीठ, हे तांबट आळीच्या गावात मी कशाला सांगायला हवं.

बाळाच्या दूधबाटल्यांना घरचं काहीच नको. त्यांना साधा भांड्यांचा साबण, वेगळा ब्रश, भरपूर विसळणं आणि पाच ते दहा मिनिटं पाण्यात पूर्ण बुडवून उकळणं. निपल उलटं करून घासा, साय तिथेच अडकते.

कपड्यांबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आता तुमच्याकडे धाकट्याचं वरण-भात, खिमट सुरू असणार. लाळेऱ्यावर हळदीचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लालभडक होतो. नव्या आया घाबरतात, रंग लागला असं वाटतं. हळदीतला रंग अल्कली लागली की लाल होतो, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. दोन्हींनी तो जात मात्र नाही. जातो तो उन्हानं. साबणानं धुवून ओलं लाळेरं कडक उन्हात टाका, संध्याकाळपर्यंत डाग फिका होतो, दोन उन्हांत नाहीसा होतो. अंगावर पिणाऱ्या बाळाचे शीचे पिवळे डागही असेच उन्हात उडतात. दुधाची ओकारी लागलेलं दुपटं आधी थंड पाण्यात विसळा. गरम पाण्यात टाकलं तर दुधातली प्रथिनं धाग्यात शिजून बसतात आणि वास महिनाभर हटत नाही.

लंगोट आणि दुपटी जास्त साबण घालून धुण्यापेक्षा जास्त वेळा खळबळणं महत्त्वाचं. अंगाला पुरळ येण्याचं एक मोठं कारण उरलेला साबण असतो. शेवटच्या बादलीत दोन चमचे व्हिनेगर घातलं तर साबणाचा अंश निघतो आणि वाळल्यावर वास राहत नाही. मऊपणासाठी मिळणारं सुगंधी द्रावण लंगोटांना नको, त्याचा थर बसतो आणि कापड पाणी शोषत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन नसतं तेव्हा पंख्याखाली वाळवून इस्त्री फिरवा.

आता काय करू नये ते. तुम्हाला नैसर्गिक म्हणून जे पाठवलं जातं त्यातलं काही बाळाच्या घरात फिनेलपेक्षाही वाईट आहे. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात, थोडाच पुरतो. निलगिरीचं तेल तसंच. कडुनिंबाचं तेल बाळांच्या पोटात गेल्यानं गंभीर आजार झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून मी वासासाठी कुठलंच तेल घालत नाही. स्वच्छ घराला वास नसतो, आणि बाळाच्या नाकाला तेच बरं. डांबरगोळ्या तर घरातूनच काढा. त्यातल्या नॅप्थॅलिननं काही मुलांच्या, विशेषतः जी-सिक्स-पीडी या घटकाची जन्मजात कमतरता असलेल्यांच्या, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ होते. गोळ्यांत ठेवलेलं दुपटं थेट बाळाला गुंडाळणं त्यासाठी पुरेसं आहे. आणि टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. परदेशी कृतींत तो सगळीकडे असतो, आपल्याकडेही पूर्वी टाकणखाराची लाही मधातून बाळाच्या तोंडाला लावत. दोन्ही बंद. तो बाळांना विषारी आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही द्यायचा नसतो.

घरात ब्लीच असेल तर त्याच्यासोबत व्हिनेगर, लिंबू, बायोएन्झाइम किंवा संडास धुण्याचं ॲसिड कधीही येऊ देऊ नका. क्लोरीन वायू तयार होतो, छोट्या बंद न्हाणीघरात तो फुप्फुसांना इजा करतो. एका दिवशी एकच वस्तू, मध्ये भरपूर पाणी.

तरीही ब्लीच घरात ठेवावं असं माझं मत आहे, हे ऐकून कदाचित तुम्हाला आश्चर्य वाटेल. मोठी मुलगी शाळेतून जुलाब-उलट्या घेऊन आली तर संडास, नळ, दाराच्या कड्या यांना रिठा आणि व्हिनेगर पुरत नाहीत. आधी साबणानं धुवायचं, मग चार-पाच टक्क्यांचं ब्लीच लिटरभर पाण्यात वीस मिली घालून लावायचं, दहा मिनिटं ठेवायचं, धुवून टाकायचं. खिडकी उघडी, मुलं दुसऱ्या खोलीत, द्रावण त्या दिवसापुरतंच. घरच्या वस्तूंवर माझं प्रेम आहे, पण आजारपणात त्या प्रेमाखातर धोका घ्यायचा नाही.

चुकून मुलानं काही गिळलंच तर उलटी काढायला लावू नका, मीठपाणी पाजू नका. तोंड पुसा, तीच बाटली हातात घ्या आणि दवाखाना गाठा, किंवा 108 ला फोन करा. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धुवत राहा आणि मग डॉक्टरांकडे जा. म्हणूनच मी बाटलीवर नाव लिहायचा एवढा आग्रह धरते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो, काय गिळलं?

सुरुवात करायची तर या आठवड्यात फक्त रिठा करा, खायचा सोडा आणि पांढरं व्हिनेगर आणून ठेवा. बायोएन्झाइमची घाई नाही. मुलगा चालायला लागला, बरणी वर ठेवायची सवय घराला लागली, की मग लावा. रिठे गावात काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात घ्या आणि जाताना सासूबाईंना सोबत न्या, त्यांना निवडता येतील. साल सुरकुतलेली, मधाच्या रंगाची, उजेडात धरली तर थोडी पारदर्शक असावी, आणि हलवल्यावर आत बी खुळखुळ वाजावी. बिया मात्र फोडल्या फोडल्या मोजून कागदात गुंडाळा आणि बाहेर टाका. काळ्या, गुळगुळीत, वाटाण्याहून थोड्या मोठ्या असतात. एखादी कपाटाखाली घरंगळली तर ती तुमच्याआधी त्याला सापडेल.